झालं म्हटल्यानंतरचा फोटो

मला फोटो काढायला कुणी शिकवलं नाही. पूर्वी हे मी न विचारता सांगायचो, छाती पुढे काढून सांगायचो. मोबाइलवर व्हिडिओ बघितले, उल्हासनगरच्या बाजारातून एक सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि आमच्या अंबरनाथच्या गल्ल्यांमधून हिंडत शेकडो फोटो वाया घालवले. त्यातून जे काही जमलं ते माझं एकट्याचं होतं आणि त्याचा मला भलताच गर्व होता.

पोटासाठी मात्र मी उल्हासनगरातल्या एका स्टुडिओत कॉम्प्युटरपुढे बसायचो. अजूनही तिथेच बसतो. लग्नाचे, साखरपुड्याचे, बारशाचे फोटो येतात आणि आम्ही माणसांचे चेहरे साफ करतो. नवरी दोन शेड उजळ करायची, नवऱ्याच्या गालावरचे खड्डे बुजवायचे, वरमाईची हनुवटी थोडी आत घ्यायची. मालक सिंधी, त्यांना सगळे अंकल म्हणतात. त्यांचं एकच सांगणं, "बेटा, कस्टमर घर जाके खुश होना चाहिए." शेजारच्या खुर्चीत माझा सहकारी बसतो. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, उल्हासनगरातच वाढलेला, एका वाक्यात हिंदी आणि मराठी दोन्ही बोलणारा. त्याची एक सवय आहे. चेहरा साफ करून झाला की तो दोन्ही डोळ्यांत उजव्या बाजूला एकेक पांढरा ठिपका टाकतो, म्हणजे डोळे चमकतात. फोटोतली खिडकी डावीकडे असो नाहीतर दिवा डोक्यावर असो, त्याचे ठिपके उजवीकडेच. मी त्याला चिडवायचो, "तुझ्या सगळ्या माणसांना एकाच बाजूने ऊन लागतं." तो म्हणायचा, "लागतं ना? बस मग. अंधेरा तो नाय ना."

दिवसभर हे करून माझं डोकं उठायचं. एखाद्या बाईच्या चेहऱ्यावर चाळीस वर्षांत जे साठलेलं असतं ते मी दहा मिनिटांत पुसून टाकायचो आणि ती बाई काउंटरवर उभी राहून म्हणायची, किती छान आलेय मी. मला वाटायचं, बाई, तू यात आहेस कुठे? मंगळवारी माझी सुट्टी. त्या दिवशी मी कॅमेरा गळ्यात अडकवून निघायचो, जणू आठवडाभराचं पाप धुवायला.

खरी माणसं टिपायची माझी एक रीत होती. कॅमेरा लगेच काढायचा नाही. आधी जाऊन बसायचं, चहा प्यायचा, धंद्यापाण्याचं विचारायचं. मग विचारून फोटो काढायला लागायचं. कॅमेरा समोर आला की माणूस ताठ होतो, पदर सावरतो, ओठ मिटतो. त्याला तसं होऊ द्यायचं. पाच-सहा फोटो तसेच काढायचे आणि मग कॅमेरा छातीशी आणून म्हणायचं, "झालं." झालं म्हटलं की माणसाचे खांदे खाली येतात. श्वास सुटतो. नजर जिथे जायची तिथे जाते. त्या एका क्षणाला, कॅमेरा डोळ्याला न लावता, छातीशीच धरून बटण दाबायचं. आधीचे सगळे फोटो फेकून द्यायचे आणि तो एक ठेवायचा.

शिवमंदिराबाहेर बेल आणि फुलं विकणाऱ्या मावशींचा फोटो मी असाच काढला. 'झालं' म्हणालो आणि त्यांनी दुखरा गुडघा हाताने दाबला, तोंड वाकडं केलं, तो फोटो. बदलापूरकडच्या एका शेतकरी काकांचा काढला, उरलेल्या तुकड्याभर जमिनीच्या कडेला उभे, मागे टॉवरची पायाभरणी. त्यांना प्रिंट नेऊन दिली तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मी असा दिसतो व्हय?" मी म्हणालो, "असेच दिसता काका. म्हणून तर भारी आहे." ते पुढे काही बोलले नाहीत. माणसं माझे फोटो बघून गप्प व्हायची आणि मी समजायचो की मी जिंकलो. मोबाइलवर माझं फोटोंचं एक पेज होतं, तिथे लोक लिहायचे, किती अस्सल, किती खरं. ते वाचायला मला फार आवडायचं.

आता ताईबद्दल सांगायला हवं.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. बदलापूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. तिला शाळेत असल्यापासून कोड आहे. ओठाच्या उजव्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत एक पट्टा आणि डाव्या पापणीवर एक डाग. डॉक्टर झाले, मलमं झाली, कुणीकुणी सांगितलेले पाले झाले, नंतर तिनेच सगळं बंद केलं. लॅबमध्ये मास्क असतो, त्यामुळे तिथे तिचं बरं चालतं. घरी पाहुणे आले की ती हनुवटीखाली हात घेऊन बसते, विचार करत बसल्यासारखी, आणि बोटं बरोबर ओठाच्या कोपऱ्यावर येतात. आम्हा घरच्यांना तो हात दिसायचाही बंद झाला होता.

वडील गेल्यापासून आमच्याकडे कुठलीही महत्त्वाची गोष्ट मामांना विचारून होते. आईचे हे धाकटे भाऊ, बदलापूरला मांजर्लीत राहतात. पुराच्या वेळी त्यांच्या घरात कंबरभर पाणी असताना ते आम्हाला फोन करून विचारत होते, तुमच्याकडे लाइट आहे का. असा माणूस. ताईची स्थळं तेच बघायचे. विहारातल्या ओळखी, ऑफिसातल्या ओळखी, समाजाचे मोबाइलवरचे वधू-वर ग्रुप, सगळीकडे तिचा बायोडेटा त्यांच्या हातून जायचा. त्यावरचा फोटो डाव्या गालाच्या बाजूने काढलेला होता आणि डोळे मोठे उघडलेले, म्हणजे पापणीवरचा डाग घडीत जाईल. माणसं यायची, समोरून बघायची, आणि दोन दिवसांनी मामांचा फोन यायचा. त्या फोनवर आई फक्त "हं, हं" म्हणायची.

मला त्या फोटोचा राग होता. मी म्हणालो, "ताई, तू काय चोरी केलीयेस? जशी आहेस तसा फोटो पाठवू. ज्यांना यायचंय ते बघून येतील." ती म्हणाली, "काढ मग."

एका मंगळवारी दुपारी, ती लॅबला जायच्या आधी, पुढच्या खोलीत खिडकीपाशी मी तिला बसवलं. केस धुतलेले, आकाशी रंगाचा कुडता. तिने विचारलं, "हात असा ठेवला तर चालेल?" मी म्हणालो, "ठेव की." सात-आठ फोटो काढले. मग कॅमेरा छातीशी घेतला आणि म्हणालो, "झालं." तिने हात खाली घेतला. मान मोकळी केली, माझ्याकडे बघितलं, आणि इतकी वर्षं मी तिच्याजवळ राहून न पाहिलेलं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं. दमलेलं आणि तरी हलकं. मी बटण दाबलं.

"अरे, झालं म्हणालास ना?"

"आता झालं."

तिने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो फोटो बघितला. बघतच राहिली. मग म्हणाली, "चांगला आलाय," आणि कुकर बंद करायला आत गेली. मी त्या दोन शब्दांवर जी काही इमारत उभी करायची ती केली. संध्याकाळी फोटो पेजवर टाकला. खाली लिहिलं, माझी ताई, जशी आहे तशी. माझा आजवरचा कुठलाच फोटो इतका फिरला नव्हता. अनोळखी माणसं तिला सलाम करत होती. मी तिला मोबाइलवर दाखवायला गेलो तर ती म्हणाली, "हो, बघितलं मी," आणि डब्याची पिशवी आवरत राहिली.

तोच फोटो बायोडेटावर जायला लागला. मामा तेव्हा घरी येऊन म्हणाले होते, "अरे, तू स्टुडिओत बसतोस, सगळ्या गावाचे चेहरे साफ करतोस. बहिणीचा करायला तुला काय जड झालं?" मी ताडकन म्हणालो, "कारण ती बहीण आहे." आईने डोळे पुसले. मी ताईकडे बघितलं, ती म्हणाली, "राहू द्या मामा, हाच पाठवा." मला तिचा इतका अभिमान वाटला त्या दिवशी. त्यानंतर सात-आठ महिन्यांत कुणाचंच उत्तर आलं नाही. एक तेवढे आले. मुलाचे वडील जिन्यापासूनच म्हणत होते, "आम्हाला असल्या गोष्टींचं काही नाही." तासाभरात ते त्यांनी चारदा म्हटलं. त्या स्थळाला ताईनेच नाही म्हणून कळवलं आणि मला ते खटकलं. इतका समजूतदार माणूस, असं मी तिला म्हणालोही.

मग मांजर्लीचं स्थळ आलं. मामांच्या ओळखीतलं, त्यांच्याच रस्त्यावरचं घर. मुलगा एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला. रविवारी सकाळी तो, त्याची आई आणि काका असे तिघं आले, मामा सोबत. मी स्टुडिओतून दोन तासांची सुट्टी घेऊन थांबलो होतो. ताई पोह्यांच्या बश्या घेऊन आली, ठेवल्या, समोर खुर्चीत बसली. हात हनुवटीखाली. मुलगा तिला लॅबच्या वेळा विचारत होता. सकाळी उपाशीपोटी येणाऱ्यांची गर्दी किती असते, वगैरे. ती उत्तरं देत होती.

मुलाच्या आईने पर्समधून मोबाइल काढला. पडद्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं. वाईट बाई नव्हती ती. अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "फोटो जरा आधीचा आहे का?"

मी म्हणालो, "नाही, याच वर्षीचा आहे. बघू." आणि हात पुढे केला.

फोटो माझाच होता. तीच खिडकी, तोच आकाशी कुडता, तीच मान मोकळी केलेली. फक्त कोड नव्हतं. ओठाचा कोपरा सारखा, हनुवटी सारखी, पापणी सारखी. माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावरून कुणीतरी ओला बोळा फिरवला होता. डोक्यात अशी तिडीक गेली की मी पाहुण्यांच्या समोर मामांवर ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहवत नाही. म्हणालो, "केसाने गळा कापलात तुम्ही." म्हणालो, "तुम्हाला तिची लाज वाटते, सरळ सांगा ना." आई मध्ये पडली, तिलाही बोललो. तो मोबाइल मी हातात धरून होतो आणि सगळ्यांना दाखवत होतो, हे बघा, हे बघा, म्हणत.

मामा एवढंच म्हणाले, "मला आला तसा मी पुढे पाठवला." मग त्यांनी एकदा ताईकडे बघितलं आणि गप्प झाले. मला वाटलं, सापडला चोर. पाहुणे उठले. मुलाची आई जाताना आईचा हात हातात घेऊन "येतो" म्हणाली. मामा त्यांच्यामागून गेले ते पोह्यांना हात न लावता. ताईने सगळ्या बश्या एकात एक ठेवल्या आणि आत नेल्या. ती मला काहीही बोलली नाही, आणि मी समजलो की ती दुखावली आहे आणि मी तिच्या बाजूने उभा राहिलो हे तिला कळलं आहे.

दुपारी मी स्टुडिओत गेलो, पण कामात लक्ष नव्हतं. मुलाच्या आईच्या मोबाइलवरून तो फोटो मी रागाच्या भरात माझ्याकडे पाठवून घेतला होता. तो मोठ्या पडद्यावर उघडला. बदलापुरातल्या कुठल्या दुकानदाराने हे केलं ते शोधून त्याच्या दारात जायचं, असं डोक्यात होतं. काम चांगलं होतं, हे मला मान्य करावं लागलं. कातडीचा पोत राखला होता, ओठांची कड हाताने परत काढली होती, घाईचं काम नव्हतं. मग मी डोळे मोठे करून बघितले. खिडकी फोटोत डावीकडे होती. आणि दोन्ही डोळ्यांत उजवीकडे एकेक पांढरा ठिपका होता.

मी मान वळवली. सहकारी आधीच माझ्या पडद्याकडे बघत होता. हातातला माउस त्याने सोडून दिला होता.

"मामा आले होते इथे?" मी विचारलं.

"कौन मामा?"

"मग हे कुणी करून घेतलं?"

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "भाई, दीदी आली होती. तेरी. मंगलवारला, तू नव्हता तेव्हा. बोली, उसको मत बताना."

मला आधी काही समजलंच नाही. मी त्याला परत विचारलं, कोण दीदी. त्याने परत सांगितलं. दोन मंगळवार आधी ती लॅबला जाता जाता मुद्दाम उलट्या दिशेने उल्हासनगरला आली होती. एक तास त्याच्या शेजारी बसून होती. माझ्याच खुर्चीत. "मैंने बोला, भाईला सांग ना, तो मेरे से अच्छा करेगा. तर हसली नुसती," तो म्हणाला. "मी काय करणार? कस्टमर आहे ना यार."

त्या क्षणी मला जे वाटलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मला ताईचा तिरस्कार वाटला. मामांचं मला काही वाटत नव्हतं, सहकाऱ्याचंही नाही. सगळं जग चेहरे पुसत होतं तेव्हा मी हिच्यासाठी एकटा भांडत होतो आणि ही माझ्या पाठीमागे, माझ्याच खुर्चीत बसून, माझा फोटो पुसून घेत होती. आणि काल-परवापर्यंत मला डबा भरून देत होती. आणि आज सकाळी मी मामांना चोर म्हणत होतो तेव्हा बश्या गोळा करत होती. तोंडघशी पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बदलापूरला तिच्या लॅबबाहेर जाऊन उभा राहिलो. तिने मला बघितलं आणि तिला कळलं असावं, कारण तिने मास्क काढून पिशवीत ठेवला आणि स्टेशनाच्या उलट दिशेला, नदीकडे जाणाऱ्या रस्त्याने चालायला लागली. मी तिच्या मागे.

"मामांना मी शिव्या घालत होतो," मी म्हणालो. "तू गप्प का बसलीस?"

"मी रात्रीच त्यांना फोन केला. माफी मागितली."

"माझी नाही मागितलीस."

"नाही."

मी खूप बोललो. रस्त्याने जाणारी माणसं बघत होती. मी म्हणालो की तू मला फसवलंस, हाच पाठवा म्हणालीस ते खोटं होतं, चांगला आलाय म्हणालीस ते खोटं होतं. ती म्हणाली, "चांगला आलाय ते खोटं नव्हतं. फोटो चांगलाच होता. पण तो मी तुला दिला नव्हता. तू झालं म्हणालास, म्हणून मी हात खाली घेतला."

मी म्हणालो की ती फोटो काढायची रीत आहे. सगळ्यांचे तसेच काढतो.

"माहितीये मला. मी बघितलेत ना तुझे सगळे फोटो." ती थांबली नाही, चालताचालताच बोलत होती. "लॅबमध्ये एका पेशंटबरोबर एक मुलगी आली होती. माझे डोळे बघून म्हणाली, तुम्ही त्याच ना, फोटोतल्या? किती धाडसी आहात. सगळ्या स्टाफसमोर मोबाइल काढून दाखवला. चार वर्षं मी तिथे काम करते, अर्ध्या स्टाफला माहीत नव्हतं. मी कधी धाडस केलं? मी घरात बसले होते, माझ्या भावासमोर."

"मला सांगायचंस."

"तू इतका खूश होतास."

हे ऐकून मला अजूनच राग आला. मी म्हणालो, बरं, माझं जाऊ दे, पण त्या लोकांना फसवलंस त्याचं काय? ते घरी आल्यावर तुला बघणारच होते ना?

"बघणारच होते," ती म्हणाली. "मला काय तेवढं कळत नाही? पण तुझा फोटो गेला की माणसं येतच नाहीत, आणि आली तर उपकार करायला येतात. तुला तो समजूतदार माणूस आवडला होता. मला एकदा तरी असं पाहिजे होतं की कुणी नुसतं मुलगी बघायला आमचा जिना चढून यावं. वर आल्यावर मला बघून जे काय वाटायचं ते वाटू दे. नाही म्हणाले तर म्हणाले. ते मला सवयीचं आहे."

पुलाच्या अलीकडे ती थांबली. "आणि त्या मुलाने बघितलं होतं. मी बश्या घेऊन आले तेव्हाच बघितलं होतं, मी त्याच्याकडेच बघत होते. तरी तो तसाच बसून मला लॅबच्या वेळा विचारत होता. त्याच्या आईने फोटोचं विचारलं ना, तेव्हा मी सांगणार होते. तोंड उघडलंच होतं मी. तर तू तिचा मोबाइल घेऊन उभा राहिलास."

माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. पण मला आठवायला लागलं की मी त्या मुलाकडे एकदाही बघितलं नव्हतं. तो कसा बसला होता, ताईच्या चेहऱ्याकडे बघत होता की दुसरीकडे, यातलं मला काही सांगता आलं नसतं. मी तिथे सगळा वेळ हजर होतो आणि खऱ्या माणसांना ओळखायचा माझा एवढा डंका होता.

त्या घरून पुढे निरोप आला नाही. मामांनीही विचारलं नाही, आणि विचारायला लावावं अशी माझी हिंमत झाली नाही. मी त्यांच्याकडे जाऊन पाया पडलो तेव्हा ते म्हणाले, "सोड रे, घरातच बोललास ना." पेजवरून ताईचा फोटो मी काढून टाकला. पण तो कुणीकुणी उचलून नेलेला आहे, कुठे कुठे कुणाच्या कवितेखाली दिसतो, ते माझ्या हातात राहिलेलं नाही. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली. आम्ही आता नीट बोलतो. डबा ती अजून भरून देते. तरी मनातून तिने मला फसवलं ही गोष्ट जात नाही, आणि मी आधी काय केलं होतं तेही जात नाही. दोन्ही एकाच वेळी जवळ बाळगून राहतो.

गेल्या महिन्यात तिला एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली. ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास ती स्टुडिओत आली. मी जागेवरून उठलो, कॅमेरा उचलायला. ती म्हणाली, "बस तू, काम कर," आणि सहकाऱ्याकडे बघून म्हणाली, "भैया, तुम्ही काढता का?"

ती दोघं आतल्या खोलीत गेली. आमच्या आतल्या खोलीला दार नाही, नुसता पडदा आहे. मी एका हळदीच्या अल्बमवर काम करत होतो आणि कान आत होते. फ्लॅशचे दोन आवाज आले. मग तो तिला मशीनवर फोटो दाखवत असावा, कारण त्याने विचारलं, "दीदी, रखूँ या हटाऊँ?"

इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. आईने नाही, मामांनी नाही, मी नाही.

ताई जराशाने म्हणाली, "राहू द्या."

ती बाहेर आली, काउंटरवरून प्रिंटचं पाकीट घेतलं, अंकलना नमस्ते केलं, मला "येते रे" म्हणाली आणि गेली. सहकारी परत येऊन खुर्चीत बसला. मी त्याच्याकडे सरकलो आणि म्हणालो, "दाखव ना, कसा आलाय."

त्याने पडद्यावर उघडलेला फोटो बंद केला.

"नाय रे भाई," तो म्हणाला. माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं. "दीदीने बोललंय, तेरेको नहीं दिखाने का."